लिदीच्या नमुन्यांसाठी निधी मागताना

गेंडा वाचवण्यासाठी पैसे मागणे आणि गेंड्याविषयी काही शोधून काढण्यासाठी पैसे मागणे, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे माझा पहिला प्रस्ताव नामंजूर झाला तेव्हा मला कळले. पत्र चार ओळींचे होते. विषय महत्त्वाचा आहे, परंतु उपलब्ध निधी प्रत्यक्ष संरक्षणाच्या कामाला देण्याचे समितीने ठरवले आहे, एवढाच त्याचा आशय होता. त्यातल्या ‘प्रत्यक्ष’ या शब्दाशी मी पुढची जवळजवळ तीन वर्षे झगडत होते, आणि त्या झगड्यात माझ्याच प्रस्तावातले कच्चे दुवे मला एकेक करून दिसत गेले. संशोधनाचे निष्कर्ष छापून येतात; त्यामागचे पैसे कसे उभे राहिले हे सहसा कोणी लिहीत नाही, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला नेमके तेच ठाऊक नसते. म्हणून हे लिहीत आहे.

प्रश्न काय होता ते आधी सांगते. काझीरंग्यातल्या एकशिंगी गेंड्यांची संख्या २०२२ च्या गणनेत २,६१३ भरली. जगातले सगळे एकशिंगी गेंडे मिळून सुमारे चार हजार असताना त्यातले निम्म्याहून अधिक एकाच उद्यानात आहेत, ही अभिमानाची बाब आहे तशीच ती काळजीचीही आहे. एखादा रोग पसरला किंवा एखादा पूर नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळला तर सगळी भिस्त असलेली जागाच अडचणीत येईल. म्हणूनच २००५ मध्ये ‘इंडियन ऱ्हायनो व्हिजन २०२०’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि २००८ पासून पबितोरा अभयारण्य व काझीरंगा येथले गेंडे आसामातल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडण्यात आले, कारण मानसमधले मूळचे गेंडे नव्वदच्या दशकातल्या अशांततेत शिकारीमुळे संपले होते. अशा नव्याने वसवलेल्या किंवा मुळातच लहान असलेल्या कळपांत प्रत्येक मादीचे मोल फार असते. गेंड्याच्या मादीचा गर्भकाळ पंधरा ते सोळा महिन्यांचा, एका वेळी पिल्लू एकच, आणि दोन वेतांमधले अंतर साधारण तीन वर्षांचे. त्यामुळे चार माद्या व्यायल्या नाहीत तरी त्या कळपाची वाढ खुंटते. मी ज्या उद्यानात काम केले तेथे काही माद्यांसोबत अनेक हंगाम पिल्लू दिसले नव्हते. त्या माजावर येतच नव्हत्या, येऊनही गाभण राहत नव्हत्या, की गाभण राहून त्यांचा गर्भ टिकत नव्हता, एवढेच मला शोधायचे होते. उद्यानाचे नाव मी येथे देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

हे शोधण्यासाठी गेंड्याला बेशुद्ध करावे लागत नाही, त्याला हातही लावावा लागत नाही. शरीरातली प्रजननाची संप्रेरके वापरून झाली की त्यांचे अवशेष लिदीतून बाहेर पडतात. एकाच मादीची लीद काही महिने ठरावीक अंतराने गोळा करत गेले तर प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या, अवशेषांचा चढउतार दिसतो. माजाचे चक्र असेल तर साधारण दीड महिन्याच्या अंतराने लाटा उठतात, आणि गर्भ काही महिन्यांचा झाला की पातळी वर जाऊन तेथेच टिकते. त्याच नमुन्यातून ताणाची संप्रेरकेही मोजता येतात. हे तंत्र नवे नाही, आणि हैदराबादच्या ‘लॅकोन्स’सारख्या प्रयोगशाळांत वन्यप्राण्यांच्या विष्ठेतली संप्रेरके मोजण्याचे काम बरीच वर्षे चालत आले आहे. त्यामुळे शास्त्राची बाजू भक्कम आहे, पैसे सहज मिळतील, अशी माझी समजूत होती.

पहिल्या प्रस्तावात मी सगळेच मागितले होते. माद्यांची संप्रेरके, नरांची संप्रेरके, पोटातले परजीवी, गवतातली पोषकद्रव्ये, पर्यटकांच्या वाहनांचा परिणाम, पुराचा परिणाम, आणि शेवटी या सगळ्याचे एक ‘समग्र प्रारूप’. रक्कम तीन वर्षांसाठी अडतीस लाख रुपये होती. आज तो मसुदा वाचताना लक्षात येते की त्यात एकही प्रश्न नव्हता. होती ती विषयांची यादी. तरीही तेव्हा मला नकाराचे दुःख झाले आणि मी तोच मसुदा, वरवरच्या दुरुस्त्या करून, दुसऱ्या संस्थेकडे पाठवला. तेथूनही नकार आला, मात्र या वेळी सोबत एका समीक्षकाचा अभिप्राय होता. त्याचे नाव मला कधीच कळले नाही. त्याने दीड पान लिहिले होते आणि त्यातल्या एका प्रश्नाने माझे सगळे काम बदलले: या अभ्यासाचे उत्तर काहीही आले, तरी उद्यानाचे अधिकारी दुसऱ्या दिवशी कोणती गोष्ट वेगळ्या रीतीने करतील?

हा प्रश्न मला प्रथम अन्यायकारक वाटला. प्रत्येक संशोधनाला तत्काळ उपयोगाच्या तराजूत तोलले तर मूलभूत विज्ञान कधीच होणार नाही, असे मी माझ्या मार्गदर्शकांना रागाने म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “अगं, पण तू मूलभूत विज्ञानासाठी ठेवलेला निधी मागितला होतास का? तू संवर्धनाचा निधी मागितलास. मग ज्यांनी तो गेंड्यासाठी बाजूला काढला, त्यांना हे विचारण्याचा हक्क नाही का?” त्यावर मला काही बोलता आले नाही. त्या रात्री मी एका कोऱ्या कागदावर तीनच ओळी लिहिल्या. माद्या माजावर येत नसतील, तर चाऱ्याकडे पाहायला हवे. मिकानियाच्या वेलीने आणि इतर तणांनी गवताळ पट्टे किती व्यापले, कोणता पट्टा आधी साफ करायचा हे ठरवायला हवे. माजावर येऊनही गाभण राहत नसतील, तर नरांकडे पाहायला हवे. त्या भागात प्रौढ नर किती आहेत, आणि पुढच्या स्थलांतरात नर आणायचा की मादी, हा निर्णय त्यावर ठरेल. गर्भ राहून टिकत नसेल, तर रोग आणि ताण तपासायला हवेत; म्हणजे पशुवैद्यकाची गरज आहे आणि त्या पट्ट्यातली वर्दळ कमी करायला हवी. तीन उत्तरे, तीन वेगवेगळी कामे. नरांची संप्रेरके, परजीवी, समग्र प्रारूप हे सगळे गळून पडले, आणि जे उरले ते दोन हिवाळ्यांत होण्यासारखे होते.

प्रस्तावाच्या पूर्वपीठिकेत मी सुमात्रा गेंड्याचे उदाहरण दिले, आणि अजूनही कोणी मला ‘संशोधनाने गेंडा कसा वाचतो’ असे विचारले तर मी तेच सांगते. १९८४ नंतरच्या दशकभरात प्रजननासाठी म्हणून सुमारे चाळीस सुमात्रा गेंडे पकडण्यात आले. त्यांना काय खायला घालावे, नर-मादी कधी एकत्र आणावेत, याची पुरेशी माहिती नव्हती. त्यातले बरेच मेले आणि बंदिवासात गर्भ राहून एकही पिल्लू झाले नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात टेरी रॉथ यांनी एमी नावाच्या मादीची संप्रेरके मोजून आणि नियमित सोनोग्राफी करून शोधले की या जातीच्या मादीचे बीज समागमाशिवाय सुटतच नाही. नर-मादीला कोणत्या दिवशी एकत्र आणायचे हे त्यातून कळले. त्यानंतरही एमीचे गर्भ एकामागून एक पडत होते, तेव्हा तिला प्रोजेस्टेरॉन देण्यात आले, आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास जन्मला. बंदिवासातच गर्भ राहून सुमात्रा गेंड्याचे पिल्लू जन्मले त्याला ११२ वर्षे झाली होती; त्याआधीचे तसे पिल्लू १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात झाले होते. पुढे अंदालासला इंडोनेशियात, सुमात्रातल्या वे कंबास राष्ट्रीय उद्यानात नेले आणि २०१२ मध्ये तो स्वतः बाप झाला. प्राणी पकडणे, कुंपण घालणे, रखवाली करणे हे सगळे होऊनही जे घडले नव्हते, ते त्या प्राण्याच्या शरीरात काय चालते हे कळल्यावर घडले.

दुसरे उदाहरण पांढऱ्या गेंड्याचे होते. बंदिवासात जन्मलेल्या दक्षिणी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्यांना फारशी पिल्ले होत नव्हती. अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयाच्या संशोधकांनी त्याचा संबंध सोयाबीन आणि लसूणघासासारख्या खाद्यातल्या, इस्ट्रोजेनसारखे काम करणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांशी जोडला, आणि खाद्य बदलल्यावर काही माद्यांना पिल्ले झाली. वर्षानुवर्षे ज्या खाद्यावर विश्वासाने पैसे खर्च होत होते तेच आड येत असेल, हे मोजल्याशिवाय कोणाला कळणार होते? माझा प्रस्ताव मंजूर झाल्यानंतर, २०२५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या राखीव क्षेत्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिंगे कापून टाकल्यावर शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटली आणि त्यासाठी शिकारविरोधी खर्चातला जेमतेम १.२ टक्के वाटा लागला, असे त्यातून दिसले. हा अभ्यास आधी हाती असता तर मी तो पहिल्याच पानावर ठेवला असता. बंदोबस्तावर खर्च होणाऱ्या पैशातला कोणता पैसा कामी येतो हे सांगणे, हेदेखील संशोधनच आहे.

मसुदा सुधारला तरी अंदाजपत्रकाची लढाई वेगळीच होती. देणगीदाराला वस्तू समजते: कॅमेरा, गाडी, वायरलेस संच. सीएसआरखाली, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीसाठी, आमच्याशी बोलणाऱ्या एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मनापासून रस घेतला, पण त्यांच्या संचालकांना वर्षअखेर दाखवण्यासारखे काहीतरी हवे होते, आणि गोठवलेल्या लिदीच्या नळ्या दाखवण्यासारख्या नव्हत्या. त्यांनी शेवटी वनरक्षकांना रेनकोट आणि बूट दिले. ते आवश्यकच होते, आणि ते मिळाल्याचा मला आनंदच झाला. माझ्या अंदाजपत्रकातली मोठी रक्कम मात्र माणसांची होती: दोन क्षेत्र-सहायकांचे दोन हंगामांचे मानधन, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा वेळ, आणि सांख्यिकी विश्लेषणाचे तीन महिने. त्यानंतर तपासणीचे संच, मेथेनॉल, नळ्या. आणि एक डीप फ्रीझर, त्याला जोडून इन्व्हर्टर व बॅटऱ्या.

अखेर ज्या परदेशी प्रतिष्ठानाने प्रस्ताव स्वीकारला त्यांनी एकवीस लाख साठ हजार रुपये मंजूर केले, आणि मंजुरीपत्रासोबतच्या तक्त्यात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या ‘पायाभूत सुविधा’ म्हणून वगळल्या होत्या. मी त्यावर हरकत घेतली नाही. मंजुरी हातात आल्याच्या आनंदात एका ओळीसाठी वाद घालणे मला अप्रशस्त वाटले. ती माझी चूक होती, आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली.

मंजुरी मिळणे आणि पैसे मिळणे यांत नऊ महिने गेले. परदेशी निधी असल्यामुळे विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच तो घेऊ शकत होती. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला वर्ग करू शकत नाही. आमच्या मूळ योजनेत क्षेत्रकामाचा वाटा आसामातल्या एका स्थानिक संस्थेकडे जाणार होता, कारण जंगल त्यांना ठाऊक होते. तो मार्ग बंद झाल्यामुळे आम्हाला सहायकांना थेट नेमावे लागले, प्रत्येक देयक आमच्या नावाने घ्यावे लागले, आणि त्या संस्थेने केवळ आपुलकीपोटी आम्हाला दोन हंगाम जागा व सल्ला दिला. त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांना देता आले नाहीत याची खंत मला अजून आहे.

परवानगीचा पेच त्याहून किचकट होता. गेंडा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. त्याच्या अधिवासात शिरून लीद गोळा करायची तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. परवानगीच्या अर्जासोबत निधीचा पुरावा मागितला होता, आणि निधीचा पहिला हप्ता परवानगीची प्रत पाहिल्याखेरीज सुटणार नव्हता. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. महिना-दीड महिना दोन्हीकडे पत्रे लिहिल्यावर वनखात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ‘निधी प्राप्त होण्याच्या अधीन राहून तत्त्वतः मंजुरी’ अशा शब्दांत पत्र दिले आणि प्रतिष्ठानाने ते ग्राह्य धरले. नमुने परदेशी पाठवायचे असते तर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराखालचा परवाना आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी हे आणखी दोन टप्पे आले असते. तपासणी देशातच करण्याचे आम्ही पहिल्यापासून ठरवले होते, त्यामुळे ते वाचले. नव्याने प्रस्ताव लिहिणाऱ्याला मी एवढे आवर्जून सांगेन की परवानगीसाठी लागणारा काळ वेळापत्रकात वेगळा धरावा. आसामातल्या उद्यानांत पावसाळ्यात काम होत नाही, नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच हंगाम हाती असतो, आणि पैसे डिसेंबरअखेर आले तर पहिला हंगाम अर्धा गेलेला असतो. आमचे तसेच झाले.

कागदावर ‘लीद गोळा करणे’ हे तीन शब्दांचे काम आहे. प्रत्यक्षात गेंडे ठरावीक जागी लीद टाकतात आणि त्या एकाच ढिगावर अनेक गेंडे येऊन जातात. कधी कधी तो ढीग कमरेएवढा उंच होतो. त्यातली कोणती लीद कोणत्या मादीची हे सांगायचे तर तिला लीद टाकताना डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून पहाटे पाळीव हत्तीवर बसून निघायचे, धुक्यात उभ्या हत्तीगवतातून मादी शोधायची, तिच्या शिंगाचा आकार, कानावरची खाच, मानेवरच्या कातडीच्या घड्या वहीतल्या चित्राशी ताडून पाहायच्या, आणि मग ती ढिगाकडे जाईपर्यंत थांबायचे. कधी दोन तास, कधी पाच. कित्येकदा ती त्या दिशेला जायचीच नाही. गेली, लीद टाकली, आणि सुरक्षित अंतरावर निघून गेली, की माहूत हत्तीला बसवायचा आणि मी हातमोजे घालून खाली उतरायचे. ताज्या लिदीतून वाफ येत असते. वरचा थर ऊन-वाऱ्याने बदलू लागतो म्हणून गोळा फोडून आतला भाग घ्यायचा, तोही तीन-चार ठिकाणांहून, कारण संप्रेरके सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. नळीवर तारीख, वेळ आणि मादीचा क्रमांक. मग बर्फाची पेटी, आणि चौकीवरच्या फ्रीझरमध्ये उणे वीस अंश. हे सगळे शक्य तितक्या लवकर, कारण जिवाणू त्या अवशेषांचे विघटन लगेच सुरू करतात.

पहिल्या आठवड्यात माझ्यासोबत असलेल्या वयस्क वनरक्षकांनी मला विचारले, “बाइदेउ (आसामीत ‘ताई’), एवढे पैसे या लिदीसाठी आले?” त्यांच्या स्वरात कुतूहल होते. मी त्यांना तीन शक्यता समजावून सांगितल्या. समीक्षकाच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच मी त्यांच्यापुढे ठेवले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एका मादीकडे बोट दाखवून म्हणाले की ही वांझ आहे असे आम्ही सगळे धरून चाललो आहोत, पण हिचे नमुने जरूर घ्या, कारण ही जेथे राहते तो पट्टा नवे गवत फुटावे म्हणून दर वर्षी सर्वांत आधी जाळला जातो. ती मादी माझ्या यादीत नव्हती. मी तिला यादीत घेतले.

इन्व्हर्टरची गोष्ट एप्रिलमध्ये समोर आली. बिहूच्या सुमारास तिकडे वादळे येतात. तशा एका वादळाने विजेच्या तारा पडल्या आणि चौकीची वीज दोन दिवस गेली. जनित्रासाठी ठेवलेले डिझेल पहिल्या रात्रीच संपले. तिसऱ्या दिवशी फ्रीझर उघडला तेव्हा खालच्या कप्प्यातले नमुने अजून घट्ट होते, वरच्या कप्प्यातले एकतीस वितळले होते. ते मी फेकले नाहीत, पण विश्लेषणातून वगळले. प्रतिष्ठानाला हे कळवावे की नाही यावर आमच्या संस्थेत दोन मते होती. मी त्याच आठवड्यात सगळे जसे घडले तसे लिहिले, वगळलेल्या नमुन्यांची यादी जोडली, आणि प्रवासखर्चातल्या शिलकीतून इन्व्हर्टर घेण्याची परवानगी मागितली. उत्तर तीन दिवसांत आले: परवानगी आहे, आणि पुढच्या वेळी अशी ओळ वगळली गेली तर कृपया आमच्याशी वाद घाला. त्या उत्तराने मला जे शिकवले ते कोणत्याही कार्यशाळेत शिकायला मिळाले नव्हते. निधी देणाऱ्या माणसांना जंगलातल्या विजेची कल्पना नसते, ती देणे हे अर्जदाराचे कर्तव्य आहे. नम्रपणाच्या भरात ते टाळले तर नुकसान त्या जनावराच्या माहितीचे होते.

करारातली एकच अट मी शेवटपर्यंत मान्य केली नाही. प्रकल्पातली सगळी मूळ माहिती दोन वर्षांत सर्वांसाठी खुली करावी, अशी ती अट होती. सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान खुले असावे हे मला मनापासून पटते. पण माझ्या वहीत कोणती मादी कोणत्या ढिगावर, किती वाजता येते याच्या नोंदी होत्या, आणि अशी वही शिकाऱ्याच्या हाती पडणे म्हणजे काय याची कल्पना गेंड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. दक्षिण आफ्रिकेत २०१४ या एका वर्षात १,२१५ गेंडे मारले गेले होते. म्हणून मी संप्रेरकांचे आकडे खुले करण्याची, आणि जागा, वेळा व ओळखीच्या खुणा फक्त वनखात्याकडे ठेवण्याची तयारी दाखवली. चार महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर तसे लेखी ठरले. उद्यानाचे नाव येथे न देण्याचे कारणही हेच.

हिशेबांविषयी थोडक्यात सांगते. सहामाही अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षण, विनिमय दरातल्या फरकाचा खुलासा, यांत माझा सरासरी आठवड्यातला एक दिवस जात होता. या दिवसाचे पैसे कोणत्याही अंदाजपत्रकात नसतात. ते असायला हवेत, कारण तो वेळ विश्लेषणातूनच कापला जातो.

निष्कर्षांचा लेख अद्याप समीक्षेत आहे, त्यामुळे आकडे देत नाही. पण त्या ‘वांझ’ मादीविषयी सांगते. दुसऱ्या हंगामात जानेवारीपासून तिच्या प्रत्येक नमुन्यात प्रोजेस्टेरॉनच्या अवशेषांची पातळी चढलेली होती आणि एप्रिलपर्यंत ती खाली आली नाही. ती गाभण होती. प्रयोगशाळेतून फेब्रुवारीतच पहिले आकडे आले होते. ते मी वनक्षेत्रपालांना दाखवले, आणि तिच्या पट्ट्यातले गवत त्या वर्षी सर्वांत शेवटी, तेही तुकड्या-तुकड्यांनी जाळायचे असे त्यांनी ठरवले. समीक्षकाने विचारले होते ते हेच: दुसऱ्या दिवशी काय बदलेल. नोव्हेंबरमध्ये त्या वयस्क वनरक्षकांचा फोन आला. मादी गवताच्या कडेला उभी होती आणि तिच्या मागच्या पायांशी पिल्लू होते, एवढे त्यांनी सांगितले, आणि मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलू शकले नाही. तिचे याआधीचे गर्भ राहिले होते का, पडले होते का, की पिल्ले जन्मून आम्हाला न दिसताच गेली होती, हे माझ्या नमुन्यांतून कळणार नाही. निदान पुढे काय होते हे कळण्यासाठी तिला आणखी एका वेताचा काळ पाहावे लागेल, म्हणजे किमान तीन वर्षे, आणि तीन वर्षांचा प्रकल्प सध्या कोणाच्याही योजनेत बसत नाही.

निधीची मुदत मार्चअखेर संपली. वापरून उरलेले नमुने अजून त्या फ्रीझरमध्ये आहेत. परजीवींसाठी, जनुकीय ओळखीसाठी, आज आपल्याला न सुचलेल्या एखाद्या प्रश्नासाठी ते पुढे उपयोगी पडतील, पण तो फ्रीझर चालू ठेवण्याचा खर्च कोणत्याच खात्यात नव्हता. शेवटच्या अहवालात मी त्यावर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला, तसाच अर्ज वनखात्यालाही दिला. मे महिन्यात त्यांचे पत्र आले की फ्रीझर, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या चौकीच्या साधनसामग्रीच्या नोंदवहीत घेतल्या असून विजेचे देयक खाते भरेल. नव्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात मी या वेळी बॅटऱ्या बदलण्याचा खर्च पहिल्या पाच ओळींत घातला आहे.